वर्गात समजावायचं, कथेत नाही

तू पत्रात 'मॅडम' म्हटलं आहेस, शिवाय आपलं विद्यापीठही एकच, तेव्हा सरळ 'तू' म्हणते. तुझे प्रश्न आधी मांडून ठेवते, म्हणजे आणखी कुणाच्या हाती हे पडलं तर त्यालाही संदर्भ लागेल. तू बडोद्यात हंगामी म्हणून मराठी शिकवतेस, पीएच.डी.ची नोंदणी तोंडावर आहे, सात-आठ कथा लिहून झाल्या आहेत. त्यातली एक पुण्याच्या एका दिवाळी अंकाकडून 'स्थानिक संदर्भ फार' असा शेरा घेऊन परत आली. एक प्रकाशक संग्रह काढायला तयार आहे, पण खर्च तू करायचा. आणि तुला जाणून घ्यायचंय की अध्यापनात राहून कथा मरते का, बडोद्यात बसून मराठीत नीट छापून येणं कितपत जमतं, आणि प्रकाशकाला पैसे द्यावेत का. सोबत दोन कथा जोडल्यास ते बरं केलंस. नाहीतर मला हवेत बोलावं लागलं असतं.

वेळेची तक्रार आधी निकालात काढू. प्राध्यापकाला लिहायला वेळ मिळत नाही हे मी ऐकून घेते, मानत नाही. मराठीत कथा लिहिणारी माणसं बँकेत होती, रेल्वेत होती, सरकारी कचेरीत होती. चार माणसांचा स्वयंपाक उरकून मग वही उघडणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या मानानं आपल्याला उन्हाळ्याची सुट्टी आहे, दिवाळीची आहे, आणि दोन तासांच्या मधला रिकामा तास आहे, जो आपण स्टाफरूममध्ये महागाई भत्त्यावर बोलण्यात घालवतो. अध्यापन वेळ खातच असेल. पण त्याहून जास्त ते वाक्य खातं, आणि खाल्लेलं लवकर लक्षात येत नाही.

वर्गात आपण एक गोष्ट तीनदा सांगतो. आज काय बघणार ते सांगतो, मग ते बघतो, मग काय बघितलं ते सांगतो. मागच्या बाकावरचा मुलगा कोरा दिसला की चौथ्यांदा, उदाहरण देऊन. असं न करणारा शिक्षक वाईटच. पण वर्षानुवर्षं हे केलं की हात कागदावरही तेच करायला लागतो. पात्र रडलं की का रडलं ते पुढच्या वाक्यात हजर. कुणी दार आपटलं की 'तिच्या मनातला संताप अनावर झाला होता' हे आलंच. कथनात 'म्हणजेच', 'अर्थात', 'एका अर्थी' डोकावायला लागले की समजावं, खडू अजून हातातच आहे. पात्रंसुद्धा मग उत्तरपत्रिकेतल्यासारखी बोलतात, कर्ता-कर्म-क्रियापद पूर्ण करून.

तुझी पुराची कथाच घेऊ. तिचा पहिला परिच्छेद असा: 'बडोदे शहराच्या मधोमध विश्वामित्री नदी वाहते. या नदीत मोठ्या संख्येने मगरी असून पावसाळ्यात पूर आला की त्या नागरी वस्तीत शिरतात. ऑगस्ट २०२४च्या पुरात शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले होते.' सगळं खरं आहे. वर्तमानपत्रात शोभेल. यानंतर आणखी दोन परिच्छेद सोसायटीची, कुटुंबाची आणि सासू-सुनेच्या संबंधांची माहिती येते, आणि चौथ्या परिच्छेदात हे येतं: 'पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, दुधाची पिशवी खालीच राहिली गं.'

कथा इथे सुरू होते. घर पाण्यात आणि बाईला दुधाची पडलीय, एवढ्या एका ओळीत सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या स्वभावाबद्दल तू वर जे अर्धं पान लिहिलं आहेस ते वाचताना मला त्या दिसल्या नव्हत्या. पहिले तीन परिच्छेद काढ. नदीचं नाव, मगरी, साल, सगळं. मग मगर कुठून येणार, असं तू म्हणशील. तुझ्याच कथेत ती सातव्या पानावर येते, शेजारच्या गच्चीवरून ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडी: 'बेन, नीचे ना ऊतरशो, पाणीमां मगर छे!' हे वाक्य दुसऱ्या पानावर आण. पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला एवढं गुजराती कळतं, आणि शब्द नाही कळला तरी गच्चीवरच्या माणसाचा सूर कळतो. खाली तळटीप नको, पुढे मराठी अर्थ नको.

त्याच कथेत पुढे तू मगर प्रत्यक्ष जिन्याखाली दाखवली आहेस, तिचे डोळे, तिची पाठ, तिचं तोंड. ती दिसली आणि माझी भीती गेली. नवरा बॅटरीचा झोत टाकतो आणि 'काही दिसत नाही' म्हणतो, तिथेच थांबायला हवं होतंस. वन खात्याच्या माणसांनी मगर पकडून नेण्याचा प्रसंग चांगला लिहिलास, तपशील नेमके आहेत, पण तो दुसऱ्या कथेचा आहे. ठेवून दे, वाया जाणार नाही.

आणि शेवट. पूर ओसरतो, सासूबाई जिना धुवायला घेतात, वरून खाली येत तिसऱ्या पायरीपर्यंत धुतात आणि काही न बोलता बादली सुनेच्या हातात देतात. हे वाचून मी थांबले आणि म्हटलं, या मुलीला कथा लिहिता येते. मग खाली सात ओळी आहेत, ज्यात सुनेला कळतं की 'खरी मगर तर घरातच होती'. या सात ओळी प्राध्यापकाच्या आहेत. मागच्या बाकावरच्या मुलाला समजलं की नाही या काळजीतून आल्या आहेत. कथेच्या वाचकाला मागच्या बाकावर बसवू नये. बादली हातात आल्यावर काय झालं ते त्याला तुझ्याइतकंच कळतं, कदाचित जास्त, कारण त्याच्या घरीही एखादी बादली असते.

या रोगावर मला एकच उपाय लागू पडला आहे. कथा मोठ्यानं वाचायची, तीही साहित्याशी संबंध नसलेल्या माणसासमोर. नवरा चालेल, मावशी चालेल, सोसायटीच्या समितीवरचे काका चालतील. वाचताना ज्या वाक्यापाशी 'कळलं ना?' अशा अर्थानं आपली मान वर होते, त्याच्यावर खूण करायची. खूण झालेलं बहुतेक सगळं काढता येतं. प्राध्यापक मित्रासमोर मात्र वाचू नकोस. तो कथेतल्या प्रतिमांवर बोलेल आणि तुला बरं वाटेल.

आता तो शेरा. 'स्थानिक संदर्भ फार' याचा अर्थ तू 'बडोदे नको' असा घेतलास आणि पुढची कथा पुण्यात घडवायचा विचार करते आहेस. माझ्या मते त्या संपादकाला बडोद्याचा कंटाळा आलेला नाही, बडोद्याच्या माहितीचा आला आहे. हा दुसरा मोह, आणि तो आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर लिहिणाऱ्यांनाच जास्त होतो. एकदा विद्यार्थ्याला समजावायचं आणि एकदा पुण्या-मुंबईच्या माणसाला. आम्ही इथे कसे आलो, गायकवाडांचं राज्य कसं होतं, आम्ही अजून मराठी कसं टिकवलं आहे. तुझ्या दोन्ही कथांत सयाजीराव महाराज येतात, एकीत तर पुतळ्यातल्या काळ्या घोड्यासकट. आपल्या गावात महाराजांचं नाव न घेता चार वाक्यं पुरी होत नाहीत हे मलाही मान्य आहे, पण पात्राला त्यांचं काही काम असेल तरच त्यांना त्रास द्यावा. पुण्याचा लेखक 'लक्ष्मी रोड' लिहितो आणि पुढे जातो. तो रस्ता कुणाच्या नावाचा, तिथे काय मिळतं, हे सांगत बसत नाही. तूही 'न्यायमंदिराच्या मागे' लिही आणि पुढे जा. वाचक येतो मागून.

संवादांतही तेच. तुझ्या दुसऱ्या कथेतली आजी, जिचा जन्म दांडियाबाजारातला आणि जिनं सगळी भाजी खंडेराव मार्केटात घासाघीस करून घेतली, ती 'मला ते योग्य वाटत नाही' म्हणते. अशी आजी आपल्या गावात नाही. ती 'मला नाही फावत हे' म्हणेल, भाजीवाल्याशी गुजराती बोलेल, नातवाशी अर्धं हिंदी. तू तिची भाषा संपादकासाठी धुऊन काढली आहेस. राहू दे तिला तसंच. प्रमाण मराठी निवेदनाला ठेव, आणि तेसुद्धा फार इस्त्रीचं नको.

'आपण बाहेरचे' हा न्यूनगंड मला कधी पटला नाही. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९ साली भरलं, मग १९२१, १९३४ आणि २०१८ साली. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांच्या वाट्याला एकदाही आलेलं नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि मराठी कथा लिहीत होते. त्यांचा पत्ता कर्नाटकातला आहे म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

अध्यापनात कथा मरते का, याला त्यांच्याबरोबर आणखी दोन नावं पुरेशी आहेत, आणि दोन्ही बायकांची आहेत. ग्वाल्हेरला १९६१ साली संमेलन झालं तेव्हा अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या, त्या पदावर बसलेल्या पहिल्या स्त्री. इंदूरला २००१ साली विजया राजाध्यक्ष. दोघी कथाकार, दोघी प्राध्यापक, एक इंग्रजीच्या, एक मराठीच्या, आणि दोघींनी समीक्षाही भरपूर लिहिली. तेव्हा शिकवणं आणि कथा एका घरात नांदू शकतात याबद्दल शंका नको. आपल्याच विद्यापीठात सुरेश जोशी गुजराती शिकवत होते. गुजराती कथेत नुसत्या घटनेला काय किंमत द्यायची यावर त्यांनी जो वाद उभा केला त्यातून तिकडची कथा बदलली. वर्गात बोलायचं आणि कथा लिहायची यात त्यांना अडचण दिसली नाही. उलट टोकाला भूपेन खख्खर. चित्रकार म्हणून जग ओळखतं, पण याच शहरात ते हिशेबनीसाची नोकरी करत होते आणि गुजरातीत कथा लिहीत होते. मला पुष्कळदा वाटतं, कथाकाराला हिशेबनीसाची नोकरी प्राध्यापकीपेक्षा सोयीची. आकडे कथेत येऊन बसत नाहीत. आपलं साहित्यशास्त्र येतं.

कारण खरा धोका तिथेच आहे. समीक्षा शिकवता शिकवता असं होतं की आपल्या कथेवर उद्या कुणी शोधनिबंध लिहिला तर तो कोणती अवतरणं घेईल हे लिहितानाच दिसायला लागतं. मग ती अवतरणं आपण आधीच तयार करून ठेवतो. अशी वाक्यं ओळखू येतात. ती फार सुबक असतात आणि परिच्छेदाच्या शेवटी बसलेली असतात. तुझ्या दुसऱ्या कथेत मला अशी तीन सापडली.

म्हणून पीएच.डी.चा विषय तू जो म्हणतेस, 'समकालीन मराठी स्त्रीकथेतील कुटुंबसंस्था', तो माझ्या मते तुझ्यासाठी चुकीचा आहे. विषय वाईट नाही. पण जे तू लिहितेस त्याचंच वर्गीकरण तू निदान तीन वर्षं करत बसणार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमांत किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं अशी मुदत आहे, आणि बहुतेकांचं काम मधे कुठेतरी रेंगाळतं. इतका काळ समवयस्क कथाकारांच्या कथांना रकान्यांत बसवल्यावर स्वतःची कथा मोकळेपणानं लिहून दाखव. त्यापेक्षा कथेपासून लांब जा, कागदपत्रांत जा. आपण बसलो आहोत ते गाव यासाठी सोन्यासारखं आहे. मध्यवर्ती ग्रंथालय १९१० सालचं. महाराजांनी त्यासाठी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला होता, आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत होत्या. त्या पेट्यांत मराठी काय जात होतं, कोण वाचत होतं, सयाजी साहित्यमालेत काय छापायचं हे कोण ठरवत होतं, यातलं काहीही घे. धूळ खूप लागेल, पण प्रबंधाची भाषा आणि कथेची भाषा एकमेकींच्या वाटेत येणार नाहीत. शिवाय जुन्या नोंदवह्यांत माणसं सापडतात. समीक्षेच्या पुस्तकांत ती क्वचितच सापडतात.

पदोन्नतीच्या गुणांबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील, कारण सगळे विचारतात. अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत आपल्या विद्याशाखेत शोधनिबंधाला १० गुण आहेत, राष्ट्रीय प्रकाशकानं काढलेल्या पुस्तकाला १०, अनुवादित पुस्तकाला ८, अनुवादित प्रकरणाला किंवा निबंधाला ३. स्वतःच्या कथेला रकानाच नाही. दुसऱ्याची कथा मराठीत आणलीस तर गुण, स्वतः लिहिलीस तर शून्य. मला हे अन्यायाचं वाटायचं, आता सोयीचं वाटतं. ज्याला गुण नाहीत ते कुणाला दाखवावं लागत नाही, त्याची फाइल करावी लागत नाही, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅकची टीम ते मागत नाही. कथासंग्रह 'पुस्तक' म्हणून धरावा का यावर समितीशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात तू पडू नकोस. गुणांसाठी निबंध लिही, अनुवाद कर, आणि कथा त्या हिशेबाबाहेर ठेव.

अनुवादाचं नुसत्या गुणांसाठी सांगत नाहीये. तुला गुजराती वाचता येतं, बोलता येतं, आणि पुण्या-मुंबईच्या बहुतेक मराठी लेखकांना येत नाही. वर्षाला दोन गुजराती कथा मराठीत आण. दुसऱ्याच्या कथेत तुला काही समजावून घालता येत नाही, जेवढं आहे तेवढंच उतरवावं लागतं. तुझ्या हाताला याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. मूळ लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी मात्र आधी घे, कारण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो.

विद्यार्थ्यांवर कथा लिहावी का, हा तुझ्या पत्रातला ताजा कलमी प्रश्न. ज्याची हजेरी आणि गुण तुझ्या हातात आहेत त्याच्यावर नाही. तो पास होऊन, नोकरीला लागून, रस्त्यात तुला ओळख न देता पुढे गेला की मग बघू.

आता छापण्याचं. मराठी कथेचा रस्ता अजूनही दिवाळी अंकांतूनच जातो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला. योगायोगानं तेच बडोद्याच्या पहिल्या संमेलनाचं साल. आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. त्यातले जाहिरातीसाठी निघणारे सोडून दे, गंभीरपणे कथा छापणारे बोटांवर मोजण्याइतके आहेत. ग्रंथालयात गेल्या दोन वर्षांचे अंक काढून बस आणि कोण काय छापतं ते बघ. तुझी परत आलेली कथा ज्या अंकाकडे गेली तिथे गेली दोन वर्षं घरगुती कथा जवळजवळ नाहीच. तो अंक न वाचता पाठवलीस हे मला पत्रावरून कळलं.

वेळापत्रक असं. नावाजलेल्यांना संपादकांची पत्रं साधारण मे-जूनमध्ये जातात. नव्या लेखकानं कथा जूनअखेरपर्यंत पाठवावी. गणपती आले की पानं ठरलेली असतात, त्यानंतर आलेली चांगली कथाही पुढच्या वर्षावर जाते. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल आणि सोबत पीडीएफ, कारण छापखान्यात अक्षरं बदलताना जोडाक्षरं फुटतात आणि मूळ काय होतं हे पीडीएफवरून कळतं. शब्दसंख्या वर लिहावी. तीन-साडेतीन हजारांची कथा बसते, सात हजारांची कथा नव्या लेखकाची असेल तर वाचायलाच घेत नाहीत. सोबतचं पत्र चार ओळींचं: नाव, गाव, काय करतेस, ही कथा अप्रकाशित आहे. कथेचा आशय पत्रात सांगू नकोस. तू मागच्या वेळी एक पानभर सांगितला होतास. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे. दीड-दोन महिन्यांनी एकदा विचारावं, एकदाच. त्यावरही गप्प राहिले तर 'आता दुसरीकडे पाठवते आहे' असं कळवून मोकळं व्हावं. मानधन किती, हे विचारायला लाजू नकोस. पुष्कळदा थोडं असतं, कधी नसतं, पण विचारणाऱ्याला मिळतं. आणि दिवाळी अंकात कथा आली म्हणून तिचे हक्क अंकाचे होत नाहीत. तू लेखी लिहून दिलं नसेल तर ते तुझेच.

शुद्धलेखनाचं एक कडक सांगते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२चे, त्यांत आणखी चार १९७२ साली आले. सगळे मिळून तासाभरात वाचून होतात. बडोद्यात शाळा गुजरातीतून झालेल्यांचा ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ मी हजारो उत्तरपत्रिकांत पाहिला आहे आणि तुझ्या पहिल्याच पानावर तो आहे. मराठीची प्राध्यापक म्हणवून घेऊन असं पान पाठवलं की संपादक दुसरं पान उलटत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही.

पैसे देऊन संग्रह काढावा का? नको. त्या प्रकाशकाचं पत्र मी वाचलं. छपाईचा खर्च तुझा, शंभर प्रती तुला, उरलेल्या 'विक्रीसाठी' त्यांच्याकडे. त्या विकल्या गेल्या का हे तुला कधी कळणार नाही. ज्याचे पैसे छापतानाच वसूल झाले त्याला विकायची घाई नसते. कथासंग्रह फार खपत नाही हे खरंच आहे, आवृत्त्या लहान असतात, आणि पुष्कळ प्रती ग्रंथालयांच्या खरेदीवर जातात. पण जो प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो तो निदान ग्रंथालयांच्या यादीत पुस्तक जावं म्हणून धडपडतो. तुला स्वतःच काढायचं असेल तर उघडपणे स्वतः काढ. मुद्रकाकडून दर घे, मुद्रितशोधनाला माणूस लाव, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. पण वितरण तुझ्या डोक्यावर येईल, आणि नोकरी, प्रबंध, घर सांभाळून पुस्तकांचे गठ्ठे पार्सल करणं तुला जमेल असं मला वाटत नाही.

करारपत्र आलं तर सही करण्याआधी तीन जागा बघ. कशाचे हक्क देते आहेस? फक्त मराठी छापील पुस्तकाचे दे. अनुवाद, ध्वनिपुस्तक, नाटक, चित्रपट हे वेगळे, ते 'सर्व हक्क' या दोन शब्दांत गुंडाळू देऊ नकोस. किती काळासाठी? १९५७च्या कायद्याप्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि वर्षभरात त्यांनी पुस्तक काढलंच नाही तर, करारात वेगळं काही नसेल तर, हक्क परत तुझ्याकडे येतात. तिसरं, स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, किमतीवर की वसुलीवर. साधारण दहा टक्क्यांच्या आसपास बोलणं होतं, पण कशाच्या दहा टक्के यावर सगळं अवलंबून. 'आपलं घरचंच आहे, करार कशाला' असं म्हणणारे भेटतील. त्यांना चहा पाज आणि करार माग.

आणखी एक. तुला ज्येष्ठ समीक्षकांची प्रस्तावना हवी आहे. नको घेऊस. कथासंग्रहाला प्रस्तावना म्हणजे पुन्हा तेच, दारातच उभं राहून कुणीतरी आत काय आहे ते समजावून सांगणार, आणि गच्चीवरच्या माणसाच्या हाकेआधीच मगर कशाचं प्रतीक आहे हे वाचकाला कळणार. मनोगतही नको. मागच्या पानावर तू कोण, कुठे असतेस, एवढं पुरे. प्रकाशन समारंभ करायचाच असेल तर आपल्या वाङ्मय परिषदेत कर, आणि भाषणांऐवजी त्यात एक कथा पूर्ण वाच.

क्रम मग असा ठेव. पुराच्या कथेचं पुन्हा लेखन या उन्हाळ्यात, मला न दाखवता सरळ संपादकाकडे, जूनच्या आत. आजीची कथा तिची भाषा परत देऊन मग मला दाखव. त्या तीन सुबक वाक्यांवर मी पेन्सिलीनं रेघा मारल्या आहेत, पानं टपालानं पाठवते. आठांपैकी चार-पाच कथा चांगल्या अंकांत आल्या की संग्रहाबद्दल बोलू. तेव्हा कुणाकडे जायचं ती नावं मी देईन. तोवर त्या प्रकाशकाला 'सध्या विचार नाही' असं दोन ओळींत कळव. आगाऊ रक्कम भरली असशील तर पावतीची प्रत मला पाठव, आधी ती परत कशी मिळवायची ते बघू.